लिपी आणि ढोल : नंदुरबार जिल्ह्यातील घरगुती ध्वनिमुद्रण व संगणकीय वाद्ये

१

संगीतविषयक टीकालेखनात वाद्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते : त्या वाद्याचा नाद कसा आहे, आणि ते वाजविणाऱ्याचा हात कसा आहे. राहत्या घरातील एका खोलीत संगणकाच्या साहाय्याने आज जे गीत सिद्ध होते, त्याची परीक्षा ह्या दोन अंगांनी करू गेल्यास फारसे हाती लागत नाही. तेथे ज्यास ‘वाद्य’ म्हणतात त्याला स्वतःचा असा देह नसतो. अन्यत्र कोणी तरी वाजविलेल्या वाद्याचे मुद्रित नमुने त्यात साठविलेले असतात, किंवा निव्वळ गणिताने नाद घडविलेला असतो. वाजविणारा हात लहानशा की-बोर्डवर असतो, आणि पुष्कळदा तोही नसून केवळ माउसवर असतो. ह्या संगणकीय वाद्यांकडे वाद्य म्हणून पाहण्याऐवजी लिपी म्हणून पाहावे, आणि लिपीला जे प्रश्न विचारावयाचे तेच त्यांना विचारावेत, असे प्रस्तुत निबंधात सुचवावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने संगीताच्या प्रांतात केलेली ही ढवळाढवळ संगीतज्ञांनी क्षम्य मानावी. प्रश्न जितका त्यांचा तितकाच आमचाही आहे, हे पुढे दिसून येईल.

विवेचनासाठी नंदुरबार जिल्हा निवडला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याची बहुसंख्य वस्ती आदिवासींची आहे. तापीच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, नवापूरकडे मावची, अक्कलकुवा-तळोदा ह्या पट्ट्यात देहवाली, अक्राणीच्या डोंगरात पावरी आणि ह्या सर्वांवर शाळेची व कचेरीची मराठी, असा येथला भाषिक थर आहे. शेजारी गुजरात व मध्यप्रदेश असल्यामुळे गीते सीमा मानीत नाहीत. नवापूरचे रेल्वे-स्थानकच जेथे दोन राज्यांत विभागलेले आहे, तेथे गाण्याने सीमा का मानावी? होळीच्या, लग्नाच्या आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या निमित्ताने येथे गीतांची मोठी निर्मिती होते आणि ती आता मुंबई-सुरतेच्या मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांवर अवलंबून राहिलेली नाही. संगणक, आवाज आत घेणारी एक पेटी, एक मायक्रोफोन, कानाला लावावयाचा हेडफोन आणि भिंतीला लावलेल्या गोधड्या, एवढ्यावर काम भागते. उरलेला सर्व वाद्यवृंद आज्ञावलीत असतो.

२

ह्या आज्ञावलींच्या मुळाशी जो संकेत आहे, त्याचे स्वरूप समजून घेतल्यावाचून पुढील चर्चा निरर्थक ठरेल. १९८३ साली वाद्यनिर्मात्यांनी ‘मिडी’ नावाचा एक समाईक संकेत मान्य केला. मिडीमधून नाद वाहत नाही, सूचना वाहतात. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच ती सांगते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. जोरालाही तितक्याच पायऱ्या आहेत. १९९६ मध्ये जर्मनीतील स्टाइनबर्ग ह्या संस्थेने मुख्य आज्ञावलीत बाहेरची उपकरणे जोडण्याची ‘व्हीएसटी’ ही पद्धती आणली. १९९९ मध्ये त्याच पद्धतीने वाद्येही जोडता येऊ लागली. तेव्हापासून मिडीची सूचना वाचून नाद उच्चारण्याचे काम त्याच संगणकातील दुसरी आज्ञावली करू लागली. एकीने लिहावयाचे, दुसरीने वाचावयाचे. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ आणि खालून वर स्वर अशी चौकटींची जाळी दिसते. तिच्यात लहानमोठे आयत भरले की गीत ‘लिहिले’ गेले.

ही लिपीच होय, आणि लिपीचे जे धर्म ते सर्व तिला लागू पडतात. लिपी सर्व ध्वनी टिपीत नाही. ती जे भेद महत्त्वाचे मानते तेवढेच टिपते व बाकीचे वाचकावर सोपविते. केनेथ पाइक ह्यांनी १९४७ मध्ये स्वनिमविचारावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या उपशीर्षकात भाषा लेखनात ‘उतरविण्याचे’ तंत्र असे म्हटले आहे. मूळ इंग्रजी क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘कमी करणे’ असाही होतो. हा श्लेष त्यांच्या मनात असो वा नसो, लेखनाचे मर्म त्यात आले आहे.

मराठीचेच उदाहरण घेऊ. ‘जग’ हा शब्द लिहिला तर तो विश्व ह्या अर्थी तालव्य ‘ज’चा आहे की ‘तू जग’ ह्या आज्ञेतील दंतमूलीय ‘ज’चा आहे, हे देवनागरी सांगत नाही. तिला एकच अक्षर आहे. मराठी माणसास ह्याची अडचण वाटत नाही, कारण लिपीतील उणीव त्याचा कान भरून काढतो. परंतु केवळ पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परप्रांतीयाच्या तोंडी तीच उणीव उच्चारदोष होऊन बसते. लिपी अपुरी असणे हा दोष नव्हे; सर्वच लिप्या अपुऱ्या असतात. वाचकाच्या कानात भाषा आधीच आहे की नाही, ह्यावर त्या अपुरेपणाचे फळ अवलंबून असते.

संगणकीय वाद्याचा निवाडा मला येथेच करावासा वाटतो. ज्याने लहानपणापासून होळीच्या रिंगणात ढोल ऐकला आहे, अशा तरुणाने पडद्यावरील जाळीत आयत भरले, तर जाळीत जे नाही ते त्याचा कान पुरवितो, निदान ते नाही हे त्याला जाणवते. परंतु ज्या मुलाने ढोल ऐकलाच तो मुळी मोबाइलमधून, जाळीत भरलेल्या रूपात, त्याच्या दृष्टीने ती जाळी हीच भाषा होय. एका पिढीत जे लेखन होते, ते पुढल्या पिढीत उच्चार होऊन बसते. ह्या जिल्ह्यात ही सांधबदल आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

३

लिपीत कोणती अक्षरे आहेत आणि कोणती नाहीत, हा पहिला प्रश्न. मिडीची पूरक म्हणून १९९१ साली जी सर्वसामान्य वाद्ययादी ठरली, तीत १२८ जागा आहेत. पियानोचे प्रकार, ऑर्गनचे प्रकार, गिटारचे प्रकार अशी आठ-आठांच्या गटांत तिची विभागणी आहे. त्यांतील १०५ ते ११२ ह्या गटाला ‘एथ्निक’ असे नाव दिले आहे. सतार, बँजो, जपानी शामिसेन व कोतो, आफ्रिकेतील कलिंबा, बॅगपाइप, फिडल आणि शहनाई अशी आठ वाद्ये तीत कोंबली आहेत. सतार आणि बॅगपाइप ह्यांत साधर्म्य कोणते, असे विचारल्यास एकच उत्तर संभवते : यादी करणाऱ्याच्या घरातील ती नव्हेत. पियानोचा स्वतःचा असा गट आहे. त्याला कोणी ‘एथ्निक’ म्हणत नाही. एकशे अठ्ठावीसांतील आठ जागांत उरलेले जग बसविण्याची ही रीत आम्हां भाषाभ्यासकांना परकी नाही. जनगणनेतील ‘इतर’ ह्या रकान्याची ती सख्खी बहीण आहे.

त्यानंतर परिस्थिती पुष्कळ पालटली हे मान्य केले पाहिजे. भारतीय वाद्यांचे स्वतंत्र नमुनासंग्रह निघाले. स्वित्झर्लंडमधील स्वर सिस्टिम्स ह्या संस्थेने तर तेवढेच काम हाती घेतले. तबला, ढोलक, नाल, बासरी, सतार, सरोद ही आज कोणालाही खरेदी करता येतात, आणि की-बोर्डवर भारतीय तालांच्या सिद्ध चाली मिळतात. परंतु ‘भारतीय’ ह्या शब्दात जे येते ते मैफलीचे आणि चित्रपटाचे. सातपुड्यातील ढोल मला अशा कोणत्याही संग्रहात आढळला नाही. त्याच्या जागी जो ढोल मिळतो तो पंजाबी भांगड्याचा. तो नसेल तर ‘ट्रायबल’ असे नाव दिलेला एक गडगडाट मिळतो. कोणती जमात, कोणते खोरे, कोणते लाकूड, ह्याचा त्यात पत्ता नसतो. हॉलिवूडच्या चित्रपटात अरण्य दाखविताना जो वाजतो तो हाच. होळीच्या पावरी गीतात हा गडगडाट ऐकू येतो तेव्हा एक विचित्र गोष्ट घडलेली असते. गाणारा आपल्या भाषेत गातो आणि त्याच्या पाठीमागे दुसऱ्याने त्याच्याविषयी केलेली कल्पना वाजत असते.

एक ढोल म्हणजे एक नाद नव्हे, हे येथे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. दोन तोंडांच्या ढोलावर काठीचा आघात निराळा, पंजाचा निराळा. कडेवरचा निराळा, मध्यावरचा निराळा. आघात करून हात तेथेच टेकविला तर निराळा. कातडे रात्रीच्या दवाने सैल पडते, शेकोटीशी धरले की चढते. म्हणजे संध्याकाळचा ढोल आणि पहाटेचा ढोल ह्यांचा स्वरही एक नव्हे. काठीच्या राजवाडी होळीसारख्या सोहळ्यात, जेथे रात्रभर नाच चालून पहाटेस होळी पेटते, तेथे हा चढउतार त्या रात्रीचाच एक भाग असतो. उत्तम नमुनासंग्रहात एकेका आघाताचे मंद ते तीव्र असे अनेक थर घेतात, आणि एकाच जोराचे चार-पाच आघातही स्वतंत्रपणे मुद्रित करतात, म्हणजे तोच आघात पुन्हा आला तरी नमुना बदलत जातो. स्वस्त संग्रहात हे नसते. तेथे एकच नमुना शंभर वेळा उमटतो, आणि कानाला शिवणयंत्राची आठवण होते. घरगुती ध्वनिमुद्रणात जो एक प्रकारचा निर्जीवपणा आपणांस जाणवतो व ज्याचे खापर आपण ‘मशीन’ वर फोडतो, त्याचे कारण पुष्कळदा इतके साधे असते. अक्षर आहे, पण त्याची मात्रा नाही, असा हा प्रकार.

४

स्वर आणि काळ ह्यांबाबत लिपीचा जाच अधिक सूक्ष्म आहे. स्वराविषयी थोडक्यात सांगतो. जाळीतील शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंटचे अंतर आहे आणि ते सर्वत्र समान आहे. एखादी गायिका कोमल आणि शुद्ध ह्यांच्या मधला गांधार लावते, तेव्हा तिच्यासाठी घर नसते. साथीच्या पट्टीशी तिचा खटका उडतो, आणि मग स्वरशुद्धीची आज्ञावली बोलाविली जाते. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ‘ऑटोट्यून’ने ह्या कामाला आपले नाव दिले. ती आज्ञावली गायिकेला विचारीत नाही. जवळची पट्टी कोणती ते पाहते आणि आवाज तेथे नेऊन ठेवते. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीने अहिराणीतील ‘डोया’ हा शब्द खोडून ‘डोळा’ करावा, तसलेच हे शुद्धीकरण होय. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा दोष नसून नियम आहे, हे विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्या तासाला शिकवितो. गांधाराविषयी मात्र तेच सांगावयास कोणी बसलेले नाही.

काळाची गोष्ट अधिक गंभीर वाटते. आज्ञावली उघडताच ती एक गती धरून बसते, पुष्कळ ठिकाणी मिनिटास १२० मात्रा. म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. वाजविताना आघात पुढेमागे पडला तर एका कळीसरशी तो जवळच्या रेषेवर ओढून घेता येतो. गायकाच्या कानात टकटक सोडून देतात, ज्यास ‘क्लिक’ म्हणतात, आणि तिच्याबरोबर गाणे भाग असते. सामूहिक नाचाच्या गीताचा व्यवहार नेमका ह्याच्या उलट आहे. तेथे गती कोणी आधी ठरवीत नाही. पाय जड असतात तेव्हा ढोल जड असतो, रिंगण रंगले की ढोल चढतो, आणि ढोल चढला की रिंगण. दोघांतील हा देवाणघेवाणीचा व्यवहारच ‘लय’ होय. घरगुती मुद्रणात गती एकदा ठरली की चार मिनिटे ती तशीच राहते. त्या ध्वनिमुद्रणावर वाहनावरील मोठ्या ध्वनिवर्धकांसमोर लोक नाचतात, आणि नाचतात ते उत्साहानेच. परंतु आता पाय ढोलामागे जातात, ढोल पायांमागे येत नाही. अशोक दा. रानडे ह्यांनी आदिम संगीत ही लोकसंगीताहून वेगळी कोटी मानली, आणि नृत्य व विधी ह्यांपासून ते तोडता येत नाही हा त्या कोटीचा एक आधार मानला. ह्या दृष्टीने पाहिल्यास क्लिकने जे तोडले ते मिलिसेकंदांत मोजण्याजोगे नाही.

त्याच जातीचा आणखी एक बदल समूहस्वराच्या बाबतीत होतो. भिली परंपरेतील पुष्कळ गीते दोन गटांत गायिली जातात. एका गटाने ओळ टाकावयाची, दुसऱ्याने उचलावयाची. दहा बायका ती ओळ उचलतात तेव्हा दहा कंठ एका स्वराभोवती असतात, एका स्वरावर नसतात. खोलीत दहा बायका मावत नाहीत आणि मायक्रोफोन एकच असतो. तेव्हा एकाच गायिकेचा आवाज दोन-चार वेळा घेऊन, अथवा एकदाच घेऊन आज्ञावलीने त्याच्या प्रती काढून, समूह उभा केला जातो. ऐकावयास तो भरदार लागतो. तरी तो समूह नव्हे, आरशांच्या खोलीतील एक व्यक्ती होय. देवघेव करणारे दोन पक्ष तेथे राहत नाहीत, आणि ओळ उचलण्याआधीचा तो किंचित विलंब, ज्यात दुसऱ्या गटाचे हसणेही ऐकू येते, तो तर जाळीत रिकामा चौकोन म्हणून पुसला जातो.

५

इतके ऐकल्यावर कोणी असा निष्कर्ष काढील, की संगणकीय वाद्ये त्याज्य होत. तो निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण मराठी संगीताच्या इतिहासातच आहे. हार्मोनियमविषयीचा वाद आठवावा. तिचे स्वर बांधलेले, तिला मींड नाही, श्रुती नाहीत, ती परकी, हे सर्व आक्षेप खरे होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सरकारी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांनी श्रुतींचा हिशेब मांडून बावीस श्रुतींची पेटी करविली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ह्या प्रयत्नाची चर्चा झाली, पण गवयांचे समाधान झाले नाही. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटी प्रक्षेपणातून वर्ज्य केली आणि ती बंदी तीन दशके टिकली. ह्या काळात पेटी नाहीशी झाली काय? मुळीच नाही. रंगभूमीवर, कीर्तनात, भजनी मंडळात, घराघरात ती वाजत राहिली. गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्यांच्या हाती तर मींड नसलेल्या वाद्यातून मींडेचा आभास निर्माण करण्याची एक कलाच उभी राहिली. बंदीने पेटी हटली नाही. मात्र पेटीविषयीचा विचार तीस वर्षे खोळंबला. कोणत्या स्थळी ती चालते, कोणत्या स्थळी गळा बिघडविते, तिचे मिळवणे कसे बदलावे, हे प्रश्न ‘असावी की नसावी’ ह्या एका प्रश्नाखाली गाडले गेले. संगणकीय वाद्यांच्या बाबतीत तीच पुनरावृत्ती करण्यात शहाणपण नाही.

दुसरे असे, की पेटीला जे शक्य नव्हते ते आज्ञावलीला शक्य आहे. पेटीचे स्वर पितळेच्या जिभाळ्यांत बंद असतात. आज्ञावलीचे स्वर केवळ आकडे आहेत. मिडीतील स्वर वळविण्याच्या सूचनेत १६,३८४ पायऱ्या आहेत. स्वरांतरे हवी तशी ठरविण्याचा संकेत १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहे. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळविण्याची सोय २०१८ मध्ये संकेतात आली, आणि २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीने पायऱ्यांची संख्या पुष्कळच वाढविली. काळाच्या बाबतीतही तसेच. मुक्तपणे गायिलेले गाणे आधी मुद्रित करून त्याच्या चढउताराप्रमाणे जाळीच्या रेषा सरकविण्याची सोय आज बहुतेक आज्ञावलींत आहे. म्हणजे लिपीला अक्षरे नाहीत असे नव्हे, ती कळफलकावर पुढे ठेवलेली नाहीत. वापरणारा पहिल्या पानावर जे दिसते तेच घेतो. ह्यात त्याचा दोष मी मानीत नाही. दिवसभर नोकरी वा शेती करून, होळी आठ दिवसांवर आली असता रात्री संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला स्वरांतरांचे कोष्टक भरावयास सांगणे ही एक प्रकारची क्रूरताच होईल. हे काम ज्यांना वेतन मिळते त्यांचे आहे, म्हणजे आमचे.

६

टीकेच्या मोजमापात येथे एक भेद करणे अवश्य आहे, आणि तो न केल्यामुळे ह्या विषयावरील पुष्कळशी चर्चा भावविवश होते. घरगुती मुद्रणात जन्मणारी सर्वच गीते रिंगणातून आलेली नसतात. आदिवासी दिनासाठी रचलेली गीते, तरुणांची प्रेमगीते, नोकरीसाठी सुरतेस गेलेल्यांची गीते ही मुळी संगणकासमोर जन्मलेली आहेत. त्यांच्यात ढोल बिघडला असे म्हणता येत नाही, कारण तेथे ढोल कधी नव्हताच. अशा गीतास रिंगणाच्या मापाने मोजणे म्हणजे कादंबरीला ओवी नसल्याचा दोष देणे होय. पीटर मॅन्युएल ह्यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात कॅसेटमुळे उत्तर भारतातील प्रादेशिक गीतांना जे नवे बळ आले त्याचे वर्णन केले आहे. तरी कॅसेट काढणारा व्यापारी मध्ये असेच. आता तोही बाजूस झाला. ‘हाई झुमका वाली पोर’ ह्या अहिराणी गीताने खानदेशाबाहेर जी लोकप्रियता मिळविली, ती कोणत्याही साहित्यसंमेलनाने वा पाठ्यपुस्तकाने अहिराणीस मिळवून दिली नव्हती. ‘हाई’ हे दर्शक सर्वनाम पुण्यातील मुलांच्या तोंडी बसले, ही भाषाशास्त्रज्ञाने नाक मुरडण्याजोगी घटना खास नव्हे. केरव्याच्या आठ मात्रांचे ठरीव आवर्तन आणि संगणकीय ठेका हे अशा गीतांचे दुर्बळ अंग नसून त्यांचे वाहन आहे. वाहन सर्वांच्या ओळखीचे असल्यामुळेच आतला परका शब्द लोकांनी सहज घेतला.

आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रकारच्या गीतांबाबत. होळीचे पारंपरिक गीत घ्यावे, त्यावर ‘पारंपरिक’ अशी मोहोर उमटवावी, आणि आत मात्र भांगड्याचा ढोल, समान गती, सुधारलेला गांधार आणि आरशातला समूह भरावा. हे नवे गीत म्हणून पुढे आले असते तर तक्रार नव्हती. परंतु ते दस्तऐवज म्हणून पुढे येते, आणि दहा वर्षांनी संशोधक विद्यार्थी त्यालाच दस्तऐवज मानून त्यावर प्रबंध लिहील. ही भीती काल्पनिक नाही. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी कागदावर उतरविली म्हणून ती १९५२ मध्ये महाराष्ट्राच्या हाती लागली, हे आपले भाग्य. तरी कागदावर शब्द आले, जात्यावरची चाल आली नाही. आज ती गाणी ज्या चालींत ऐकू येतात त्या पुढच्या संगीतकारांच्या आहेत. तेथे निदान ते संगीतकार कोण हे आपण जाणतो. कागदाने आपल्याजवळ चाल असल्याचा दावा कधी केला नाही. संगणकीय मुद्रण मात्र शब्द, चाल, वाद्य सर्वच आपल्याजवळ असल्याचा दावा करते.

ग्रिअर्सन ह्यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. भिल्ल बोली आणि खानदेशी त्यात आहेत. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनी बायबलातील उधळ्या पुत्राची कथा स्थानिकांकडून भाषांतरित करून घेतली. तुलनेसाठी हे सोयीचे होते, परंतु परक्या साच्यातल्या कथेत बोलीची स्वतःची वळणे कितीशी येणार? हे ओळखूनच त्यांनी आणखी एक नमुना मागविला, आणि तो काय असावा हे स्थानिकांवर सोडले. कोठे गोष्ट आली, कोठे गाणे आले. आजच्या घरगुती मुद्रणात सिद्ध ठेका हा उधळ्या पुत्राच्या कथेच्या जागी आहे. सर्व बोलींनी तोच सांगावयाचा. दुसऱ्या नमुन्याची जागा अद्याप कोणी राखलेली नाही.

७

ती राखण्याचे काम अवघड असले तरी अवाढव्य नाही. एका ढोलाचे उपयोगी पडतील असे नमुने घ्यावयाचे तर आघातांचे प्रकार आधी वाजविणाऱ्याकडून त्याच्याच शब्दांत समजून घ्यावे लागतील. पाइक ह्यांनी पुढे १९५४ मध्ये जो ‘एमिक’ आणि ‘एटिक’ असा भेद केला, तो येथे अक्षरशः उपयोगी पडतो. मुद्रकाच्या कानाला जे दोन आघात निराळे वाटतात ते वादकाच्या लेखी एक असू शकतात, आणि उलटही घडते. समजा सात आघात निघाले. प्रत्येकाचे जोराचे पाच थर आणि प्रत्येक थराचे चार नमुने घेतले, तर एकशेचाळीस तुकडे होतात. ते वाजवावयास एक दिवस पुरतो. छाटून, नावे देऊन मांडावयास महिना लागेल. ढोल शेकण्यापूर्वी आणि शेकल्यानंतर असे दोन संच घेतले तर हे काम दुप्पट होते, पण घ्यावेत. त्याच दिवशी वादक आणि गाणाऱ्या स्त्रिया ह्यांचे एकत्र, क्लिकशिवाय, रिंगणासह मुद्रण करावे. नमुन्यांना संदर्भ म्हणून ते लागेल, आणि जाळीच्या रेषा कोणत्या अंगाने सरकतात ह्याचा तोच पुरावा होईल. पदव्युत्तर वर्गाच्या क्षेत्रकार्यात ह्याची सोय करता येते. आमच्या विभागातून शब्दसूची गोळा करावयास विद्यार्थी जातातच, तेव्हा त्यांच्याजवळील यंत्रात तेवढी जागा असते.

खरा अवघड प्रश्न मालकीचा आहे, आणि तो आधी सोडविल्यावाचून एकही तुकडा घेऊ नये असे माझे मत आहे. नमुनासंग्रह एकदा खुला केला की तो कोठल्या जाहिरातीत, कोणत्या चित्रपटात वाजेल ह्यावर वादकाचा अंमल राहत नाही. आणि बंद ठेवला तर तळोद्यातील वा धडगावातील ज्या तरुणासाठी तो केला त्यालाही मिळत नाही. मधला मार्ग म्हणून जिल्ह्यातील गीतकारांस विनामूल्य, बाहेरील व्यापारी वापरास वादकाच्या व गावाच्या लेखी संमतीने, अशी अट घालता येईल. ती सर्वत्र पाळली जाईल असा भरवसा देता येत नाही. वादकास त्या दिवसाचा मेहनताना द्यावा, तो ढोल वाजवावयास जातो तेव्हा त्याला जे मिळते त्याहून कमी नसावा, आणि करार त्याला समजेल त्या बोलीत वाचून दाखवावा. तुकड्यांना नावे देताना वादकाची हरकत नसेल तर त्याचे नाव, त्याच्या गावाचे नाव, ढोलाचे स्थानिक नाव आणि आघाताला तो जो शब्द वापरतो तो शब्द घालावा. यादीत ‘ट्रायबल’ हा शब्द येऊ देऊ नये. नाव लांब होईल आणि पडद्यावरील रकान्यात मावणार नाही, अशी अडचण आज्ञावलीचे जाणकार सांगतात. तर रकाना रुंद करावा, त्याची सोय असते.